बाहेरचा कोर्स, घरची मार्कशीट

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. मी ज्या कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते तिथली तृतीय वर्षाची एक मुलगी परीक्षा विभागाच्या खिडकीशी उभी होती. हातात प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये जपून ठेवलेलं स्वयम् या सरकारी ऑनलाइन पोर्टलवरच्या कोर्सचं प्रमाणपत्र. बारा आठवडे ती रात्री घरातली कामं आटोपल्यावर मोबाइलवर व्याख्यानं ऐकत होती. परीक्षेसाठी एसटीने दुसऱ्या शहरातल्या केंद्रावर जाऊन आली होती. गुणही चांगले मिळाले होते. खिडकीतल्या काकांनी प्रमाणपत्र दोन्ही बाजूंनी पाहिलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि मलाच विचारलं, "मॅडम, परीक्षा खरी आहे, मुलगी हुशार आहे, सगळं मान्य. पण हे मी कुठल्या रकान्यात टाकू? याला आपला पेपर कोडच नाही."

काकांचं काही चुकत नव्हतं. त्यांच्या समोरच्या यादीत तो विषय नव्हता, आणि यादीत नसलेला विषय मार्कशीटवर चढवायचा अधिकार त्यांना नव्हता. मुलगी मात्र शिकली होती, आणि त्या शिकण्याला कागदावर जागा नव्हती. तेव्हापासून हा प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. विद्यार्थ्याने आपल्या कॉलेजबाहेर एखादा विषय शिकून घेतला, तर तो त्याच्या पदवीत धरायचा का? आणि ते ठरवायचं कोणी? शिकवणाऱ्यांनी, विद्यापीठाने, की विधिमंडळाने कायदा करून?

अमेरिकेत शिक्षण हा मुख्यतः राज्यांचा विषय आहे. त्यामुळे या प्रश्नावर तिथे राज्याराज्यांत वेगवेगळे कायदे झाले. काही टिकले, काही कोर्टात अडकले, काही विधिमंडळातच बारगळले. मला सगळ्यांत जास्त शिकवून गेलं ते बारगळलेलं एक विधेयक: कॅलिफोर्नियाचं २०१३ सालचं एसबी ५२० (एसबी म्हणजे सिनेट बिल, विधिमंडळाच्या वरच्या सभागृहात मांडलेलं).

आधी क्रेडिटचं कोडं सोडवू

अमेरिकन कॉलेजात पदवी पेपरांत मोजत नाहीत, क्रेडिटमध्ये मोजतात. आपल्याकडे आता 'श्रेयांक' म्हणतात तेच. आठवड्याला तीन तास वर्ग, असं साधारण पंधरा आठवडे, म्हणजे तीन क्रेडिटचा कोर्स. असे साधारण १२० क्रेडिट जमले की चार वर्षांची पदवी पूर्ण होते.

क्रेडिट म्हणजे खरं तर कॉलेजने दिलेली हमी. 'या मुलाला एवढं येतं, आमच्या शब्दावर विश्वास ठेवा,' असं कॉलेज पुढच्या कॉलेजला, नोकरी देणाऱ्याला, सरकारला सांगत असतं. विषय कोणीही शिकवू शकतो. शेजारची ताई शिकवू शकते, ग्रंथालयातलं पुस्तक शिकवू शकतं. हमी मात्र मान्यताप्राप्त संस्थाच देऊ शकते. पुढच्या सगळ्या भांडणाचं मूळ या फरकात आहे.

२०११ च्या शरद ऋतूत स्टॅनफर्डमधले प्राध्यापक सेबॅस्टियन थ्रन यांनी कृत्रिम बुद्धिमत्तेवरचा आपला कोर्स इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुला केला आणि जगभरातून सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं. त्यातून युडॅसिटी ही कंपनी निघाली. २०१२ मध्ये स्टॅनफर्डच्याच अँड्र्यू एंग आणि डॅफ्नी कोलर यांनी कोर्सेरा सुरू केली, आणि हार्वर्ड व एमआयटी यांनी मिळून एडएक्स. मोठमोठ्या विद्यापीठांची व्याख्यानं घरबसल्या, बहुतेक फुकट मिळू लागली. ज्ञानाचा नळ उघडला होता. हमीचा शिक्का मात्र त्याच्यासोबत येत नव्हता.

भिंतीला टेकून बसलेली मुलं

कॅलिफोर्नियात त्याच वेळी वेगळंच दुखणं चाललं होतं. या राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा केला होता. सगळ्यांत वरची साडेबारा टक्के मुलं युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात, वरची एक तृतीयांश कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत, आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची दारं सर्वांना उघडी. परवडणाऱ्या फीमध्ये शिकायचं आणि पुढे वरच्या विद्यापीठात जायचं, असा तो जिना होता. २०१३ मध्ये अशी ११२ कम्युनिटी कॉलेजं होती.

२००८ च्या मंदीनंतर राज्याच्या तिजोरीला खडखडाट आला. कम्युनिटी कॉलेजांचा निधी चार वर्षांत ८० कोटी डॉलरहून अधिक कापला गेला. वर्ग कमी झाले, हंगामी शिक्षकांना घरी बसवलं गेलं. विद्यार्थीसंख्या सुमारे २९ लाखांवरून २४ लाखांवर आली. ही पाच लाख मुलं शिक्षणाला कंटाळून गेली नव्हती. त्यांना वर्गच मिळाले नव्हते. २०१२ च्या शरद सत्राच्या सुरुवातीला ४ लाख ७० हजारांहून अधिक विद्यार्थी कुठल्या ना कुठल्या कोर्सच्या वेटिंग लिस्टवर होते.

वेटिंग लिस्ट म्हणजे नेमकं काय, हे वर्गात डोकावल्याशिवाय कळत नाही. तिथल्या रिवाजानुसार वेटिंगवरचा विद्यार्थीही पहिल्या दिवशी वर्गात येतो. चाळीस खुर्च्या भरलेल्या असतात, आणि पंधरा-वीस मुलं भिंतीला टेकून किंवा जमिनीवर बसतात. प्राध्यापक हजेरी घेतात. नाव पुकारल्यावर कोणी 'हजर' म्हटलं नाही की भिंतीकडच्या माना वर होतात. तेवढ्या जागा सुटतात, प्राध्यापक तेवढ्या मुलांना प्रवेशाचा कोड देतात, आणि बाकीचे दप्तर उचलून पुढच्या वर्गाकडे पळतात. तिथेही हेच.

हा कोर्स बहुतेकदा इंग्रजी लेखन, बीजगणित किंवा प्राथमिक संख्याशास्त्र असा पायाभूत असतो. तो नसेल तर पुढचे पाच कोर्स घेता येत नाहीत. सत्राला बारा क्रेडिट पूर्ण होत नसतील तर सरकारी शिष्यवृत्तीची रक्कमही घटते. एक खुर्ची हुकली की वर्ष जायचं, ते असं. स्टेट युनिव्हर्सिटीत चार वर्षांत पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण तेव्हा साधारण १६ टक्के होतं. त्यामागे इतरही कारणं होती. पोटासाठी काम करत शिकणारी मुलं तिथे मोठ्या संख्येने आहेत. पण जागा न मिळणं हे त्यातलं एक ठळक कारण होतं.

विधेयक काय म्हणत होतं

१३ मार्च २०१३ रोजी राज्य सिनेटचे नेते डॅरेल स्टाइनबर्ग यांनी एसबी ५२० मांडलं. गाभा सोपा होता. तुमच्या कॉलेजात हवा तो पायाभूत कोर्स भरलेला आहे आणि तुम्हाला जागा मिळत नाही, असं असेल तर तोच विषय तुम्ही मान्यता मिळालेल्या बाहेरच्या ऑनलाइन कोर्समधून शिकायचा, आणि तुमच्या कॉलेजने त्याचं क्रेडिट द्यायचं. बाहेरची संस्था नफ्यासाठी चालणारी कंपनी असली तरी चालेल.

सगळ्याच विषयांना हे लागू नव्हतं. सर्वाधिक गर्दीचे, पहिल्या दोन वर्षांतले ५० कोर्स निवडायचे होते. ५० चा आकडाही एकदम हवेतून आला नव्हता. आदल्याच वर्षी, २०१२ मध्ये, याच स्टाइनबर्ग यांनी ५० पायाभूत विषयांची मोफत डिजिटल पाठ्यपुस्तकं करण्याचा कायदा संमत करून घेतला होता. त्यासाठी तिन्ही सार्वजनिक व्यवस्थांतले प्राध्यापक मिळून नऊ जणांचं मंडळ नेमायचं ठरलं होतं. नव्या विधेयकाने बाहेरचे कोर्स तपासायचं कामही याच मंडळाकडे दिलं. परीक्षा देखरेखीखाली व्हावी, विद्यार्थ्याला शंका विचारायची सोय असावी, अशाही अटी होत्या. स्टाइनबर्ग विद्यार्थ्यांच्या हिताचा विचार करत नव्हते, असं कोणी म्हणू नये. भिंतीला टेकलेल्या मुलांसाठी त्यांना खरोखर काहीतरी करायचं होतं.

एक घटनात्मक बारकावा मात्र सांगितलाच पाहिजे, कारण कायद्याची ताकद आणि मर्यादा दोन्ही त्यात दिसतात. कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला खास स्वायत्तता आहे. तिचा कारभार रीजंट्स नावाचं मंडळ पाहतं आणि विधिमंडळ तिला अभ्यासक्रमाबाबत सहसा हुकूम देऊ शकत नाही. म्हणून अशा कायद्यांत बाकीच्या दोन व्यवस्थांना 'करावंच लागेल' असं लिहितात आणि हिला 'विनंती' करतात. बोलणारं तोंड विधिमंडळाचंच, पण दोघांशी बोलायचा सूर वेगळा.

प्राध्यापक का बिथरले

विरोध लगेच आणि जोरात आला. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या प्राध्यापक सभेचे प्रमुख रॉबर्ट पॉवेल आणि उपप्रमुख बिल जेकब यांनी आपल्या सहकाऱ्यांना पत्र लिहिलं. त्यांचं म्हणणं असं की कोर्सवरचा अधिकार कोणा बाहेरच्या संस्थेच्या हाती देणं म्हणजे विद्यार्थ्यांबद्दलची आपली जबाबदारी झटकणं, आणि ते प्राध्यापक करणार नाहीत.

नोकऱ्या वाचवायला हे ओरडतायत, असं बाहेरून वाटू शकतं. मला ते तेवढंच वाटत नाही. वर म्हटलेली हमी आठवा. पुढच्या वर्षी कलनशास्त्राच्या वर्गात जो मुलगा येतो, त्याला बीजगणित येतं हे गृहीत धरून प्राध्यापक फळ्यावर लिहायला लागतो. ती हमी दुसऱ्याच्या सांगण्यावरून दिली आणि मुलगा कच्चा निघाला, तर तोंडघशी पडतो तो मुलगा आणि समोरचा शिक्षक. कंपनीचा त्याच्याशी संबंध कोर्स संपला त्या दिवशी संपलेला असतो. हमी ज्याच्या नावाने जाते त्याच्याकडे तपासायचा अधिकार हवा, या मागणीत मला काही वावगं दिसत नाही.

सॅन होझे स्टेट युनिव्हर्सिटीच्या तत्त्वज्ञान विभागाने एप्रिल २०१३ च्या अखेरीस आणखी मुळावर बोट ठेवलं. हार्वर्डचे मायकल सँडेल यांचा न्यायावरचा ध्वनिचित्रित कोर्स आपल्या वर्गात वापरायला त्यांनी नकार दिला आणि सँडेल यांनाच खुलं पत्र लिहिलं. त्यांची भीती अशी की दोन प्रकारची विद्यापीठं होतील. एकीकडे पैसेवाल्यांच्या मुलांना जिवंत शिक्षकाशी वाद घालता येईल, आणि दुसरीकडे बाकीची मुलं त्या वादाचं चित्रीकरण पाहतील. मी हे पत्र वाचलं तेव्हा माझ्या शेवटच्या बाकावरची मुलं डोळ्यांसमोर आली. वर्गात त्यांनी विचारलेला एक अडाणी वाटणारा प्रश्न कित्येकदा माझ्या पूर्ण तासापेक्षा मोलाचा ठरला आहे. चित्रफितीला तो प्रश्न ऐकू येत नाही.

सॅन होझेचा प्रयोग

त्याच विद्यापीठात त्याच सत्रात एक प्रयोग चालू होता, आणि विधेयकाच्या नशिबावर त्याची सावली पडली. जानेवारी २०१३ मध्ये राज्यपाल जेरी ब्राउन, विद्यापीठाचे अध्यक्ष मोहम्मद कयूमी आणि थ्रन यांनी मिळून घोषणा केली: सॅन होझे स्टेट आणि युडॅसिटी मिळून तीन ऑनलाइन कोर्स देणार, प्रत्येकी फी १५० डॉलर, आणि पास होणाऱ्याला विद्यापीठाचं खरं क्रेडिट. विषय होते उपचारात्मक गणित (म्हणजे कॉलेजच्या पातळीला न पोचलेल्यांसाठीचं), बीजगणित आणि प्राथमिक संख्याशास्त्र. प्रत्येकात साधारण शंभर मुलं. त्यांत विद्यापीठाची नेहमीची मुलं होती, तशीच गणितात आधी नापास झालेली होती, आणि काही शाळेतलीही होती.

निकाल लागला. संख्याशास्त्रात साधारण निम्मे पास, बीजगणितात जेमतेम चौथा हिस्सा, आणि उपचारात्मक गणितात चौथा हिस्साही धड नाही. जुलै २०१३ मध्ये विद्यापीठाने पुढच्या शरद सत्रासाठी प्रयोग थांबवायचं ठरवलं.

त्याआधीच सुरू झालेल्या उन्हाळी सत्रात तेच कोर्स पुन्हा दिले गेले होते, तेव्हा संख्याशास्त्रात ८३ टक्के आणि बीजगणितात ७० टक्क्यांहून जास्त पास झाले. काहींनी लगेच म्हटलं, बघा, सुधारलं! पण संख्याशास्त्र शिकवणारीचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: मुलं तीच होती का? नव्हती. उन्हाळ्यात बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिकांकडे आधीचीच कुठली तरी पदवी होती. पोहता येणाऱ्यांना पाण्यात सोडलं आणि ते पोहले. उपचारात्मक गणितात, जिथे खरी गरज होती, उन्हाळ्यातही तीसेक टक्क्यांच्या वर निकाल गेला नाही.

पहिल्या सत्राचा नंतर जो अभ्यास झाला त्यात एक गोष्ट सगळ्यांत वर आली. कोण पास होणार हे मुलाच्या पार्श्वभूमीपेक्षा त्याने किती गणितं सोडवून दाखवली यावर ठरत होतं. म्हणजे प्रयत्नावर. आता प्रयत्न करवून घेणं हेच तर शिक्षकाचं निम्मं काम. काही मुलांकडे धड संगणक आणि इंटरनेट नव्हतं, हे कोर्स सुरू झाल्यावर लक्षात आलं. मदत उपलब्ध आहे हेच अनेकांना माहीत नव्हतं.

याच्या उलट एक उदाहरण त्याच विद्यापीठातलं आहे, आणि त्याची मात्र फारशी चर्चा होत नाही. २०१२ च्या शरद सत्रात विद्युत अभियांत्रिकीच्या एका वर्गाने एमआयटीचा सर्किटवरचा एडएक्स कोर्स घेतला. मुलं घरी व्याख्यानं पाहून यायची, आणि वर्गात विद्यापीठाचेच प्राध्यापक त्यांच्याकडून गणितं सोडवून घ्यायचे. ९१ टक्के पास झाले. नेहमीच्या तुकड्यांत हा आकडा ५५ ते ५९ टक्के होता. एका वर्गावरून मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण बाहेरचं साहित्य होतं, आणि घरचा शिक्षक जागेवर होता. क्रेडिट देणारा आणि शिकवून घेणारा एकच होता.

हिशेब खुर्चीचा

आता पैशांकडे वळू, कारण या विधेयकाबद्दल माझं मत तिथेच बनलं.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात २०१२ पासून फी क्रेडिटला ४६ डॉलर होती. तीन क्रेडिटचा कोर्स १३८ डॉलरला पडतो, आणि कमी उत्पन्नाच्या मुलांना तीही माफ असते. सॅन होझेचा ऑनलाइन कोर्स १५० डॉलरचा. म्हणजे ज्या मुलाला सरकारी खुर्ची १३८ डॉलरला किंवा फुकट मिळायला हवी होती, त्याला ती नाही म्हणून १५० डॉलरचा बाहेरचा रस्ता दाखवायचा. खुर्ची का नव्हती? कारण सरकारनेच तिचा निधी कापला होता. दुखणं निधीचं होतं आणि औषध क्रेडिटचं दिलं जात होतं.

मतदारांनी त्या आधीच, नोव्हेंबर २०१२ मध्ये, प्रस्ताव ३० मंजूर करून श्रीमंतांवरचा आयकर आणि विक्रीकर तात्पुरता वाढवला होता. मुख्य कारण शिक्षणातली कपात थांबवणं हेच. पैसा परत येऊ लागला तसे वर्गही परत येऊ लागले. ब्राउन यांच्या अर्थसंकल्पात दोन्ही विद्यापीठ व्यवस्थांना ऑनलाइन शिक्षण वाढवण्यासाठी प्रत्येकी एक कोटी डॉलर आणि कम्युनिटी कॉलेजांना १ कोटी ६९ लाख डॉलर ठेवले गेले.

मेच्या अखेरीस सिनेटमध्ये एसबी ५२० विरोधात एकही मत न पडता मंजूर झालं. पण तोवर दुरुस्त्यांनी त्याचं रूप पार पालटलं होतं. बाहेरच्या कंपनीला थेट दार उघडण्याऐवजी आता प्राध्यापकांनी स्वतः किंवा भागीदारीत ऑनलाइन कोर्स बनवावेत म्हणून अनुदान देण्याची भाषा आली होती. उन्हाळ्यात स्टाइनबर्ग यांनी ते बाजूला ठेवलं, विद्यापीठं स्वतःच कोर्स वाढवतायत तर पाहू या, असं म्हणून. ते पुन्हा उठलं नाही.

लुइझियानात शाळेच्या पातळीवर

कॅलिफोर्नियात कायदा झालाच नाही. झाला असता तर काय झालं असतं, याची थोडी कल्पना लुइझियाना या दुसऱ्या राज्यावरून येते. तिथे २०१२ मध्ये राज्यपाल बॉबी जिंदाल यांच्या काळात 'कोर्स चॉइस' नावाची योजना कायद्याने आली, ती शाळकरी मुलांसाठी. ज्या शाळेचा सरकारी दर्जा कमी, तिथल्या मुलाने राज्याच्या पैशाने बाहेरच्या मान्य संस्थेकडून कोर्स घ्यायचा. चांगल्या शाळेतल्या मुलालाही, जर तो विषय त्याच्या शाळेत नसेल तर. पैसा मुलामागे जायचा: संस्थेला निम्मी रक्कम सुरुवातीला, उरलेली कोर्स पूर्ण झाल्यावर.

खेड्यातल्या शाळेत भौतिकशास्त्राचा शिक्षकच नसतो, तिथे हे वरदान ठरू शकतं. पण 'निम्मी रक्कम सुरुवातीला' या तीन शब्दांत काय दडलेलं आहे ते लवकरच दिसलं. घरोघर जाऊन, मोफत टॅब्लेट आणि लॅपटॉपचं आमिष दाखवून मुलांची नावं नोंदवल्याच्या बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. काही पालकांना आपल्या मुलाचं नाव कुठे घातलंय याचा पत्ताच नव्हता. नोंदणीलाच पैसे मिळत असतील तर नोंदणीच विकली जाणार.

मग ७ मे २०१३ रोजी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. सार्वजनिक शाळांसाठी राज्यघटनेने राखून ठेवलेला निधी खासगी शाळांच्या व्हाउचरसाठी (म्हणजे तिथली फी सरकारने भरण्यासाठी) आणि अशा बाहेरच्या कोर्ससाठी वळवता येणार नाही. सहा न्यायाधीश एका बाजूला, एक दुसऱ्या बाजूला. योजना मेली नाही. दुसऱ्या निधीतून ती चालू ठेवली गेली, आणि पुढे राज्याने शाळा जिल्ह्यांनाच दर विद्यार्थ्यामागे थोडी रक्कम देऊन, कोणते बाहेरचे कोर्स घ्यायचे हे त्यांच्यावर सोपवलं. अधिकार फिरून पुन्हा शाळेजवळच आला.

युटाने २०११ मध्ये आणि मिशिगनने २०१३ मध्ये असेच कायदे केले, अधिक सावध हाताने. मिशिगनमध्ये सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्याला सत्राला दोन ऑनलाइन कोर्स मागायचा हक्क आहे. ते आजही चालू आहेत.

कॅलिफोर्निया शेवटी कुठे पोचला

बाहेरच्या कंपनीचं दार बंद झालं, तरी विद्यार्थ्यांची अडचण खोटी नव्हती. मग राज्याने 'बाहेर' या शब्दाचा अर्थच बदलला. २०१३ मध्येच आमदार मार्क लेव्हिन यांचं एबी ३८६ (असेंब्ली बिल, खालच्या सभागृहातलं विधेयक) संमत झालं. स्टेट युनिव्हर्सिटीच्या एका शाखेतल्या विद्यार्थ्याने दुसऱ्या शाखेचा ऑनलाइन कोर्स घ्यायचा, क्रेडिट आपल्याकडेच लागणार. कम्युनिटी कॉलेजांनी त्या १ कोटी ६९ लाखांतून कोर्सची देवाणघेवाण उभी केली. आज ती कॅलिफोर्निया व्हर्च्युअल कॅम्पस या नावाने चालते.

समजा, कॅलिफोर्नियातल्या फ्रेस्नो शहरातल्या मुलीला आपल्या कॉलेजात संख्याशास्त्राची जागा मिळाली नाही, तर तिला सहभागी कॉलेजांपैकी दुसऱ्याच्या ऑनलाइन वर्गात मोकळी खुर्ची दिसते, वेगळा प्रवेश अर्ज न भरता ती ती घेऊ शकते. शिकवणारा शिक्षक त्याच राज्याच्या त्याच व्यवस्थेतला, फी तीच ४६ डॉलर. हमी देणाऱ्याला हमी कशाची देतोय हे माहीत आहे. हे उभं राहायला वर्षं लागली आणि मथळे कमी मिळाले, पण एसबी ५२० पेक्षा हा रस्ता मला कितीतरी प्रामाणिक वाटतो.

आणि आपल्या खिडकीपाशी

आपल्याकडे हा निर्णय राज्याने नव्हे, केंद्राच्या पातळीवर झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१६ च्या नियमांत सत्रातल्या २० टक्क्यांपर्यंत कोर्स स्वयम् मधून घ्यायची मुभा दिली. २०२१ मध्ये ती ४० टक्क्यांवर नेली. त्याच वर्षी श्रेयांक बँक सुरू झाली, जिथे विद्यार्थ्याचे श्रेयांक त्याच्या नावावर जमा राहतात. स्वयम् सरकारी आहे, आयआयटींच्या एनपीटेलसारख्या कोर्सची परीक्षा केंद्रावर देखरेखीखाली होते आणि तिला ७५ टक्के वजन असतं. सॅन होझेला जे उशिरा कळलं त्यातलं बरंच इथे आधीच धरलेलं आहे, याचा मला मनापासून आनंद आहे.

पण नियम 'देता येईल' म्हणतो, 'द्यावेच लागेल' नव्हे. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे अभ्यासक्रमाचा अधिकार अभ्यास मंडळ आणि विद्या परिषद यांच्याकडे आहे. त्यांनी तो कोर्स मान्य केला, त्याला श्रेयांक आणि कोड दिला, तरच परीक्षा विभागाच्या काकांना रकाना मिळतो. म्हणून मी माझ्या विद्यार्थ्यांना आता एकच गोष्ट बजावते. कोर्सला नाव घालण्याआधी विभागप्रमुखांकडे जा. हा कोर्स आपल्या कोणत्या पेपरच्या बदल्यात धरणार, किती श्रेयांकांचा, आणि यादी मंजूर झालीय का, हे लेखी घ्या. कागद हाती आल्यावर मग व्याख्यानं सुरू करा.

त्या मुलीचं प्रमाणपत्र मी विभागाच्या बैठकीत ठेवलं, तिथून ते अभ्यास मंडळाकडे गेलं, मंडळाची बैठक दोनदा पुढे ढकलली गेली. तिची पदवीची मार्कशीट त्या कोर्सशिवायच निघाली. तीन श्रेयांक कमी पडले नाहीत, कारण तिने वर्गात तोच विषय पुन्हा घेतला, माझ्याच वर्गात, दुसऱ्या बाकावर बसून. पुढच्या वर्षीच्या यादीत तो कोर्स आला. त्याला पेपर कोड मिळाला, आणि तो तिच्या मागच्या तुकडीतल्या अकरा मुलांच्या मार्कशीटवर छापला गेला.